संमेलनातून परतलेला चित्रकथाकार

साहित्यप्रकाराचा इतिहास लिहिताना आपण सहसा ग्रंथापासून आरंभ करतो. ज्या वाचकसमूहामुळे तो ग्रंथ संभवला, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. विल आयझनर (१९१७-२००५) या अमेरिकन चित्रकथाकाराच्या बाबतीत मात्र ती टाळून चालणार नाही.

आयझनर यांची 'द स्पिरिट' ही मालिका १९४० ते १९५२ या काळात रविवारच्या वृत्तपत्रांची पुरवणी म्हणून निघत असे. चित्रकथेचे हक्क सर्रास प्रकाशकाकडे जात असताना त्यांनी ते स्वतःकडे राखले होते. पुढची सुमारे दोन दशके मात्र सैनिकांना यंत्रसामग्रीची निगा शिकवणाऱ्या 'पीएस' मासिकासारख्या कामांत गेली. कथात्म चित्रकथेशी त्यांचा संबंध जवळजवळ सुटला.

१९७१ साली ते न्यूयॉर्कमधील चित्रकथाप्रेमींच्या संमेलनाला गेले. ते भरवणारे फिल स्यूलिंग हे ब्रुकलिनमधील शिक्षक होते. तेथे आयझनर यांची भेट डेनिस किचन या विस्कॉन्सिनच्या तरुण 'अंडरग्राउंड' प्रकाशकाशी झाली. १९५४ च्या 'कॉमिक्स कोड'ची बंधने झुगारणाऱ्या या चित्रकथा नेहमीच्या वृत्तपत्रविक्रेत्यांना वगळून विकल्या जात. हक्क आणि मानधनाचा वाटा लेखक-चित्रकाराकडे राहत असे. त्यातील आशय आयझनर यांना सर्वस्वी रुचला असे नाही. पण प्रौढांसाठी निर्भयपणे लिहिण्याची ती वृत्ती त्यांना मोलाची वाटली. चाळिशीच्या दशकात 'द स्पिरिट' वाचणारी मुले आता मोठी झाली होती. त्यांनी काय वाचावे, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी आला.

त्याचे उत्तर म्हणजे १९७८ चे 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड'. ब्रॉन्क्समधील एका चाळवजा इमारतीतल्या ज्यू रहिवाशांच्या या चार कथा आहेत. पहिल्या कथेतील फ्रिमे हर्श वाढवलेल्या मुलीच्या मृत्यूनंतर ईश्वराशी केलेला करार मोडीत काढतो. आयझनर यांची स्वतःची मुलगी सोळाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. या दुःखाचा कथेशी असलेला संबंध त्यांनी फार उशिरा उघड केला. म्हणजे विषय त्यांना संमेलनाने दिला नाही. असे दुःख चित्रकथेतून वाचणारा वाचक अस्तित्वात आहे, हा विश्वास मात्र तेथून मिळाला.

म्हणूनच आयझनर यांना 'ग्राफिक नॉव्हेलचे जनक' म्हणताना सावध राहिले पाहिजे. ही संज्ञा रिचर्ड काइल यांनी १९६४ मध्येच वापरली होती; शिवाय चार कथांच्या संग्रहाला कादंबरी म्हणावे काय, हाही प्रश्न उरतोच. आयझनर यांचे श्रेय यामुळे उणावत नाही, ते अधिक नेमके होते. बदललेला वाचक त्यांनी ओळखला आणि साठीच्या उंबरठ्यावर त्याच्यासाठी नव्याने लेखणी-कुंचला हाती घेतला. १९८८ पासून त्यांच्या नावाने चित्रकथांना पुरस्कार दिले जातात. हा साहित्यप्रकार वर्गात शिकवताना त्या पुस्तकाबरोबरच १९७१ च्या त्या संमेलनातील वाचकांचाही विचार व्हायला हवा.