टीईटी कुणाला लागू, कुणाला नाही? बारावीच्या मार्कशीटपासून शिक्षकाच्या नेमणुकीपर्यंत

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. जुन्या नाशकातून, वडाळ्यातून, मालेगावातून शिक्षक-शिक्षिका विचारतात: "आम्ही उर्दू शाळेत आहोत, मग आम्हाला टीईटी लागू आहे का?" काहींना संस्थाचालकांनी सांगितले, आपल्याला काही लागू नाही, निवांत राहा. काहींना मुख्याध्यापकांनी सांगितले, दोन वर्षांत पास झाला नाहीत तर नोकरी गेली. दोघांच्या बोलण्यात थोडे खरे आहे आणि बरेच अर्धवट आहे. आपल्या समाजात शिक्षकाची नोकरी ही कित्येक घरांची, विशेषतः शिकलेल्या मुलींची, पहिली पक्की नोकरी असते. म्हणून हा विषय नीट मांडत आहोत.

निकाल नेमका काय आहे

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २३ खाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढली आणि पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी ही परीक्षा किमान पात्रतेत घातली. महाराष्ट्र शासनाने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने ती राज्यात सक्तीची केली आणि राज्याची पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली. त्याआधी नोकरीला लागलेले शिक्षक असे समजून होते की ही भानगड नव्या मुलांसाठी आहे.

ती समजूत १ सप्टेंबर २०२५ रोजी संपली. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. प्रकरणाचे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असेच आहे: अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. म्हणजे देशभरातल्या शिक्षकांची झोप उडवणारा हा खटला आपल्याच राज्यातल्या एका अल्पसंख्याक संस्थेच्या नावाने ओळखला जातो.

निकालाचा गाभा असा. ज्यांच्या निवृत्तीला निकालाच्या दिवशी पाच वर्षांपेक्षा जास्त काळ बाकी होता, अशा सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हायचे, म्हणजे २०२७ चा ऑगस्ट संपण्यापूर्वी. नाही झाले तर नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त केले जाईल. निवृत्तीचे लाभ नियमाप्रमाणे सेवा भरली असेल तर मिळतील. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरली होती त्यांना टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा द्यावीच लागेल. निवृत्तीचे वय ५८ धरले तर हिशेब सोपा आहे. १ सप्टेंबर २०२५ ला ज्यांची ५३ वर्षे पूर्ण झाली होती ते सुटले. ५२ वर्षांचे सर मात्र सुटले नाहीत, मग त्यांची सेवा २८ वर्षांची का असेना.

उर्दू शाळा म्हणजे अल्पसंख्याक शाळा नव्हे

सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न वेगळा ठेवला. २०१४ साली प्रमती ट्रस्टच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले होते की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने आपल्याला आपल्या संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. २०२५ च्या खंडपीठाला हा जुना निकाल बरोबर आहे का याबद्दलच शंका वाटली. पण दोन न्यायमूर्ती पाच न्यायमूर्तींचा निकाल उलटवू शकत नाहीत, म्हणून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवला गेला. त्याचा निर्णय होईपर्यंत अल्पसंख्याकांनी स्थापन केलेल्या आणि चालवलेल्या शाळा सोडून बाकी सर्व शाळांना कायदा, आणि म्हणून टीईटी, लागू आहे.

आता "अल्पसंख्याक शाळा" म्हणजे कोणती? शिकवण्याची भाषा उर्दू आहे म्हणून नव्हे. विद्यार्थी सगळे मुस्लिम आहेत म्हणूनही नव्हे. शाळा चालवणारी संस्था अल्पसंख्याक आहे आणि तसा दर्जा तिला मिळालेला आहे, ही कसोटी. हा दर्जा राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडून किंवा केंद्राच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडून मिळतो. त्यामुळे जिल्हा परिषदेची उर्दू शाळा अल्पसंख्याक नाही. नाशिक महापालिकेची किंवा मालेगाव महापालिकेची उर्दू शाळाही नाही. ती सरकारी शाळा आहे, फक्त माध्यम उर्दू आहे. तिथल्या शिक्षकांना निकाल पूर्णपणे लागू आहे. त्याचप्रमाणे मराठी माध्यमाच्या सर्वसाधारण खासगी शाळेत शिकवणाऱ्या मुस्लिम शिक्षकालाही लागू आहे. सवलत असलीच तर ती संस्थेला आहे, शिक्षकाच्या नावाला किंवा धर्माला नाही.

खासगी संस्थेत असाल तर एकच काम करा: संस्थेच्या अल्पसंख्याक दर्जाच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि स्वतः वाचा. एका ठिकाणी आम्हाला असे सांगण्यात आले की "दर्जा आहेच, सगळ्यांना माहीत आहे", पण कागद काही निघेना. सगळ्यांना माहीत असणे शिक्षणाधिकारी कार्यालयात चालत नाही. तिथे प्रमाणपत्राची तारीख आणि क्रमांक विचारतात.

आणि ज्यांच्या संस्थेकडे दर्जा खरोखर आहे त्यांनी काय करावे? आमचे स्पष्ट मत आहे, परीक्षा द्यावी. मोठे पीठ प्रमतीचा निकाल कायम ठेवील किंवा बदलील, हे आज कुणीच सांगू शकत नाही. बदलला तर मुदत किती मिळेल, तेही नाही. शिवाय २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणातच न्यायालयाने म्हटले होते की अल्पसंख्याक संस्थेला शिक्षक निवडण्याचा हक्क असला तरी शिक्षकाची किमान पात्रता राज्य ठरवू शकते. म्हणजे अनुच्छेद ३० ची ढाल आहे, पण ती पात्रतेच्या प्रश्नावर वाटते तितकी जाड नाही. टीईटीचे प्रमाणपत्र २०२१ पासून आयुष्यभरासाठी वैध आहे (आधी सात वर्षांची मुदत होती). एकदा मिळाले की कपाटात राहते, कधीही उपयोगी पडते.

परीक्षा कशी असते

पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दोन्ही वर्गगट शिकवायचे असतील तर दोन्ही पेपर द्यायचे. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. पेपर दोनमध्ये पहिले तीन तसेच, आणि उरलेले ६० गुण गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्राचे.

उर्दू माध्यमाच्या उमेदवाराला भाषा एक म्हणून उर्दू घेता येते. भाषा दोन मात्र मराठी किंवा इंग्रजी. आपले बरेच उमेदवार गणितात अडकत नाहीत, इथे अडकतात. वीस वर्षे उर्दूतून शिकवलेल्या मॅडमना मराठीच्या उताऱ्यावरचे प्रश्न आणि व्याकरण सोडवायचे म्हणजे पुन्हा विद्यार्थी होणे आहे. उपाय साधा आहे: राज्याच्या पाचवी ते आठवीच्या मराठीच्या पुस्तकांपासून सुरुवात करावी, ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. मागासवर्गीयांना ५५ टक्के, म्हणजे ८२-८३ च्या आसपास. हा सात-आठ गुणांचा फरक आपल्या लोकांच्या ध्यानात नसतो. मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार अशा कित्येक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातली मुलगी अन्सारी असूनही केवळ जातीचा दाखला काढलेला नाही म्हणून खुल्या प्रवर्गातून बसते आणि ८५ गुणांवर नापास होते, हे बघून वाईट वाटते. या दाखल्यासाठी घराण्यातला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला तर काम होते. मात्र तिथे जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिलेले असेल तर आणखी शोधावे लागते. हे काम महिनोन् महिने चालते, म्हणून परीक्षेची जाहिरात येण्याची वाट पाहू नका.

राज्याची टीईटी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते, तीही चालते आणि तिच्या भाषांत उर्दू व मराठी दोन्ही आहेत. दोन्हींचे अर्ज भरावेत, संधी वाढते.

हा रस्ता बारावीतच ठरतो

ज्यांच्या घरात मुलगी अकरावी-बारावीत आहे त्यांच्यासाठी हे. बोर्डाची बारावी ३५ टक्क्यांवर पास होता येते. घरात पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. पण पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी लागणाऱ्या डी.एल.एड.ला (जुने डी.एड.) प्रवेश हवा तर बारावीत खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४४.५ टक्के लागतात. शाखा कोणतीही चालते. ४५ टक्क्यांवर पास झालेली मुलगी "पास" आहे, पण खुल्या प्रवर्गात असेल तर हा दरवाजा तिला बंद आहे. अशा वेळी बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षा देऊन टक्केवारी वाढवता येते. आपल्या जिल्ह्यासाठी नाशिक विभागीय मंडळ आहे, धुळे, जळगाव आणि नंदुरबारही त्याच्याकडेच.

दुसरी मोठी चूक बी.एड.बाबत होते. "डी.एड. कशाला, सरळ पदवी आणि बी.एड. करू दे, दोन्हीकडे चालेल" असे अजूनही सांगितले जाते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणात ठरवले की बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या शिक्षकाची पात्रता नाही. त्यामुळे लहान मुलांना शिकवायचे तर डी.एल.एड. आणि पेपर एक. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. नववी-दहावीला पदवी व बी.एड. लागते, टीईटी लागत नाही.

मदरशात हिफ्ज किंवा आलिमियत करणाऱ्या मुलामुलींनाही हा रस्ता खुला आहे. बोर्डाचा फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देता येते. वय किमान १४ आणि पाचवी पास असल्याचा दाखला हवा. पुढे बारावीसुद्धा याच पद्धतीने होते.

नावाचे स्पेलिंग

छोटी वाटणारी पण फार त्रास देणारी गोष्ट. दहावीच्या सनदेवर जे नाव आहे तेच पुढे सगळीकडे धरले जाते. आपल्याकडे "शेख"च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सनदेवर "ए" आणि आधारवर "ई". मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसते "मो.". लग्नानंतर मुलीचे नाव बदलले की तिसरे रूप तयार. कागदपत्र पडताळणीत हे सगळे एकदम समोर येते. मूल दहावीत असतानाच, परीक्षेचा अर्ज शाळेत भरला जातो तेव्हा, यादीतले स्पेलिंग अम्मी-अब्बांनी डोळ्यांनी पाहावे. नंतर सनदेवर दुरुस्ती करायची तर शाळेमार्फत मंडळाकडे जावे लागते. लग्नानंतरच्या नावासाठी राजपत्रातली नोंद हाताशी ठेवावी.

टीईटीनंतर

टीईटी पास म्हणजे नोकरी नव्हे, हेही सांगायला हवे. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांच्या भरतीसाठी पुढे टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. २०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. यात पास-नापास नसते, मिळालेल्या गुणांवर पवित्र पोर्टलवर क्रम लागतो. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ अशी तीनदाच झाली आहे, म्हणजे एक हुकली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून त्याचे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये आहे.

या सगळ्या टप्प्यांवर "काम करून देतो" म्हणणारे भेटतात. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून देण्याचा घोटाळा पुणे पोलिसांनी उघड केला तेव्हा ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. त्यांत लागलेल्या नोकऱ्या करणारेही होते. पैसे गेले, नोकरी गेली आणि पुन्हा परीक्षेला बसण्याचा मार्गही अडला.