कुलवृत्तांतात न आलेली ओळ

घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला बसलात, की जुन्या मोडी कागदांचे रुमाल सोडावे लागतात. त्यांत सनदा निघतात, वतनपत्रे निघतात. आणि एखादे वेळी कुणबीण विकत घेतल्याची नोंदही निघते. पेशवाईत अशी खरेदी-विक्री राजरोस चाले. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली.

मग ही नोंद छापावी काय? वडील मंडळी म्हणतील, "कशाला उकरून काढता?" त्यांचा संकोच खोटा नव्हे. पण असे पाहा : खापरपणजोबांचे नाव वृत्तांतात दहा ठिकाणी येईल, त्या बाईची ही एवढीच ओळ. ती गाळली, तर ती जगल्याचा पुरावाच गेला. मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ साली पानिपतावर लढला, जखमी होऊन वारला. त्याला इतिहासाला टाळता आले नाही. कुणबिणींच्या पोटी जन्मलेल्या साध्या लेकावळ्यांना पानिपत कुठून मिळणार?

पथ्य एकच. नोंदीचा धागा आज हयात असलेल्या कुणापर्यंत पोचत असेल, तर आधी त्यांना विचारा. ते नको म्हणाले तर त्यांचे नाव झाका. नोंद मात्र राहू द्या. पूर्वजांचे वैभव सांगायचे, तर त्यांचे देणेही सांगायला हवे.