गाव दाखवणारा निवडताना

नाशकात पाहुणा आला, की पहिल्या दिवशी चहा-चिवडा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न येतो, ‘इथं पाहण्यासारखं काय काय आहे? एखादी सहल ठरवून द्या ना!’ कवीला दुसरं काय काम असणार, असा सगळ्यांचा समज असल्यामुळे ही जबाबदारी माझ्याकडे येते. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रामाचं नाशिक आहे, सातवाहनांचं आहे, पेशव्यांच्या सरदारांचं आहे. दादासाहेब फाळक्यांचं आणि कुसुमाग्रजांचंही आहे. ही सगळी गावं एकाच गोदावरीच्या दोन काठांवर दाटीवाटीनं बसलेली आहेत. एका दिवसात ती सगळी दिसत नाहीत. त्यामुळे गाव दाखवणारा माणूस निवडला, की आपण कोणतं गाव पाहणार तेही ठरून जातं.

श्रोतेहो, गाव दाखवण्याचं काम नाशकात नवं नाही. सहलीच्या गाड्या यायच्या कितीतरी आधीपासून इथले तीर्थोपाध्याय ते करत आले आहेत. यात्रेकरू आला की ते विचारायचे, ‘गाव कोणतं? आडनाव काय?’ मग जुनी वही उघडायची आणि तुमच्या पणजोबांनी कधी येऊन गोदेत स्नान केलं, सोबत कोण कोण होतं, ते वाचून दाखवायचं. आजही अशा वंशावळीच्या वह्या इथल्या घराघरांत जपलेल्या आहेत. त्यानंतर रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन हा ठरलेला मार्ग. ज्याला रामाच्या वाटेनं जायचं आहे, त्याला यापेक्षा चांगला वाटाड्या मिळायचा नाही. आजच्या ‘नाशिक दर्शन’च्या सहली पाहिल्या, तर त्यांचा सांगाडा बहुतेक हाच असतो. वही तेवढी गळाली आणि वाटेत दोन दुकानं वाढली.

दुसऱ्या प्रकारचा वाटाड्या एकोणिसाव्या शतकात आला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपीचं कोडं सोडवलं आणि लेण्यांच्या भिंती बोलायला लागल्या. नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३ मध्ये निघालं. त्यातला पांडवलेण्यांवरचा भाग पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तयार केला. हे जुनागडचे. भिंतीवरचं एकेक अक्षर पाहायचं, ठसा घ्यायचा, अर्थ लावायचा, ही त्यांची रीत. तीर्थोपाध्याय वहीतून वाचायचे, भगवानलाल दगडातून वाचायचे. दोघांचाही भर एकाच गोष्टीवर होता : लिहिलेलं आहे ते वाचून दाखवायचं.

पांडवलेणी शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात आहेत. एकूण २४ लेणी. शिलालेखांत या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हटलं आहे, म्हणजेच त्रिरश्मी. लोक मात्र पांडवलेणी म्हणतात आणि पांडव इथं राहिले होते असं सांगतात. सांगोत बापडे, त्या सांगण्यातही एक गोडवा आहे. पण गाइड तिथंच थांबला तर पाहणाऱ्याचं फार नुकसान होतं, कारण भिंतीवर लिहिलेलं त्याहून जास्त रंगतदार आहे.

दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्यानं या लेण्यासाठी ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. या श्रेणी जवळच्या गोवर्धन गावातल्या. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ व्याजानं. १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजानं. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी वर्षाला १२ कार्षापण प्रत्येकी. आता हिशेब मांडून पाहा. २००० वर महिना १ टक्का म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. पैची चूक नाही! जवळपास १९०० वर्षांपूर्वीची ही मुदत ठेव. ती सांभाळणारे कोण, तर कापड विणणारे कारागीर. याच उषवदातानं तापी, दमण अशा नद्यांवर वाटसरूंना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्याचंही तिथं कोरलेलं आहे. सहलीला निघालेल्या माणसाला यापेक्षा जवळची गोष्ट कोणती सांगणार?

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ती गौतमीपुत्र सातकर्णीची आई आणि राजा पुळुमावीची आजी. लेख नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात तिच्या मुलाचे पराक्रम एकामागून एक सांगितले आहेत. मी तो इतिहास म्हणून वाचतो तेव्हा राजे आणि प्रदेश दिसतात. कवी म्हणून वाचतो तेव्हा मुलाच्या पश्चात त्याचं नाव दगडावर ठेवून जाणारी म्हातारी आई दिसते. सतराव्या लेण्यातला दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडून आलेला यवन, म्हणजे ग्रीक. आणि अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या दारावर ‘नासिककां’चं, नाशिककरांचं दान नोंदलेलं आहे. आपल्या गावाचं नाव तिथं सुमारे २००० वर्षं कोरलेलं आहे. मोगलांनी या गावाला गुलशनाबाद म्हटलं, फुलांची बाग. नाव सुंदर होतं, पण पेशवाईत ते मागं पडलं आणि दारावरचंच नाव पुन्हा रूढ झालं. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. दारावरची ही ओळ दाखवणारा विरळा.

काही वर्षांपूर्वी सोलापूरहून माझा मावसभाऊ सहकुटुंब आला होता. त्यांनी एका दिवसाची सहल ठरवली आणि मलाही गाडीत घातलं. पुढे माईक घेतलेला तरुण गाइड. आवाज चांगला, पाठांतर पक्कं. गाडी जुन्या नाशकाच्या कडेनं निघाली तेव्हा त्यानं डावीकडे हात केला आणि म्हणाला, ‘हे जुनं नाशिक. इथं पाहण्यासारखं काही नाही. आता आपण थेट पांडवलेण्यांना जाऊ.’ भावाच्या मुलीनं मोठ्यानं विचारलं, ‘चाचा, तुमचं घर तिकडंच ना?’ गाडीत हशा पिकला. गाइड हसला, मीही हसलो. पण तो शब्द मनात राहिला. पन्नास वर्षं मी ज्या गल्लीत राहिलो, शाळेत गेलो, पहिली कविता लिहिली, त्या गल्लीला एक माणूस माईकवरून ‘काही नाही’ म्हणत होता आणि चाळीस माणसं ते खरं मानून उजवीकडे पाहत होती.

पोराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याला दहा तासांत अकरा ठिकाणं उरकायची होती. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर मी त्या मुलीला म्हटलं, ‘चल, आता आपण काही नाही पाहायला जाऊ.’ सराफ बाजारातून निघालो. पेशवेकालीन सरकारवाड्याचं लाकडी काम पाहिलं. ज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिक प्रसिद्ध आहे, त्या तांबटांच्या आळीत डोकावलो. पिंजार घाटाच्या रस्त्यानं बडी दर्ग्यापर्यंत आलो. सादिकशाह हुसैनींचा हा दर्गा. इथं चादर घेऊन येणाऱ्यांमध्ये सगळ्या जातिधर्मांची माणसं असतात. घाटाचं नाव ऐकून तिनं विचारलं, ‘पिंजार म्हणजे?’ म्हटलं, ‘कापूस पिंजणारे.’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे सकाळच्या लेण्यातल्या विणकरांचे शेजारी!’ काळाचं अंतर मोठं आहे. वंशावळ काही जुळवता येणार नाही. पण कापसाशी आणि सुताशी या गावाचं नातं तिच्या लक्षात आलं, ते त्या अकरा ठिकाणांतल्या एकाही ठिकाणी आलं नव्हतं.

नदीच्या पलीकडे, पंचवटीतही असंच होतं. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं, काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला, इथपर्यंत सगळे सांगतात. २ मार्च १९३० रोजी याच दारांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष आले होते. दारं बंद करण्यात आली. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढं वर्षानुवर्षं चालवला. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. देवळात हात जोडून बाहेर आलेल्या माणसाला हे सांगितलं, तर त्याची श्रद्धा कमी होत नाही. आपण किती सहज आत गेलो आणि सहज बाहेर आलो, एवढं त्याला कळतं. त्या सहजपणासाठी कुणीतरी लाठ्या खाल्ल्या होत्या.

आणि नारोशंकराची घंटा! गोदाकाठचं हे रामेश्वराचं देऊळ नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलं. घंटेवर साल आहे १७२१. ती पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. ख्रिस्ती कारागिरांनी ओतलेली घंटा शंकराच्या दारात येऊन टांगली गेली. एक तास फक्त या घंटेपाशी उभं राहून बोललं, तरी वसई, पोर्तुगीज, पेशवे आणि गोदेचा पूर असा सगळा इतिहास सांगून होईल. अकरा ठिकाणांची गरजच पडणार नाही.

मग सहल निवडायची कशी? मी पाहुण्यांना तीन-चार गोष्टी सांगतो.

पैसे देण्याआधी किती ठिकाणं दाखवणार हे विचारू नका. कुठं किती वेळ थांबणार ते विचारा. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला आणि दम खायलाच वेळ लागतो. तिथं अर्धा तास देणारी सहल लेणी दाखवत नाही, पायऱ्या दाखवते. एक दिवस असेल तर एकच धागा धरा. लेणी आणि डोंगराच्या पायथ्याचं फाळके स्मारक एवढंच करा, किंवा नदीकाठ आणि जुनं गाव एवढंच करा. जुन्या गावात गाडीचा उपयोग नाही, पायी हिंडवणारा माणूस हवा. कुणाला नाण्यांची आवड असेल, तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. उषवदाताचे कार्षापण वाचून आलेल्या माणसाला तिथं जाण्यात वेगळीच मजा आहे.

गाइडला एक प्रश्न जरूर विचारा, ‘हे कशावरून?’ चिडून नाही, प्रेमानं विचारा. कवी असल्यामुळे मी माणसांची क्रियापदं ऐकत असतो. चांगला गाइड तीन क्रियापदं वेगवेगळी वापरतो : ‘असं म्हणतात’, ‘असं लिहिलं आहे’ आणि ‘असं घडलं’. शूर्पणखेची गोष्ट सांगताना तो ‘म्हणतात’ म्हणेल, बलश्रीच्या लेखाशी ‘लिहिलं आहे’ म्हणेल आणि काळारामाच्या दाराशी ‘घडलं’ म्हणेल. तिन्हींना गावात जागा आहे. पुराणकथा काढून टाकली तर नाशिक कोरडं होईल. पण तिन्ही एकाच सुरात सांगणारा माणूस काही काळानं ‘म्हणतात’लाच ‘घडलं’ म्हणायला लागतो. तिथून मग भांडणं सुरू होतात. जुन्या गावांमध्ये कुणाचं काय होतं यावरून आज जी डोकी तापतात, त्यामागं अनेकदा या क्रियापदांचीच गफलत असते.

शेवटचं एक. सहलीच्या वाटेवर कुठंतरी ‘इथं काही नाही’ असं कुणी म्हणालं, तर ती जागा लक्षात ठेवा. संध्याकाळी तासभर मोकळा ठेवून तिथं एकटे जा. एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला सलाम करा, नमस्कार करा, काय सुचेल ते करा आणि विचारा, ‘बाबा, या गल्लीचं नाव असं का पडलं?’ तो आधी चहा मागवेल. मग सांगायला लागेल. फक्त त्यालाही तो प्रश्न विचारायला विसरू नका, ‘हे कशावरून?’

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)