खिळे घासणारा मुलगा आणि आनंदवर्धन

जुन्या संस्कृत पुस्तकांच्या पीडीएफ चाळायची मला सवय आहे. संस्कृत बेताचंच येतं, पण ती अक्षरं बघत राहावीशी वाटतात. काळीभोर, ठसठशीत, जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी न विस्कटणारी. अशी बरीच पुस्तकं बघितल्यावर लक्षात आलं की पहिल्या पानावर खाली एकच नाव पुन्हा पुन्हा येतं : निर्णयसागर, मुंबई.

या छापखान्याचे मालक जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९, मुंबईतल्या गरीब मराठा कुटुंबातला. शाळा जेमतेम. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. खिळा म्हणजे शिशाचा टाइप. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडा घासून सारख्या कराव्या लागत, नाहीतर ओळ वर-खाली व्हायची. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी टाइप पाडत होते. जावजी तिथेच धंदा शिकले, मग आणखी दोन-तीन छापखान्यांत राबले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. स्क्रीनवर 'क्ष्म' किंवा 'र्त्स्न्य' टाइप केलं की फॉन्टमधले नियम ते जुळवून देतात, आणि तरीही ॲपमध्ये कधी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. त्या काळी ही जुळवाजुळव हाताने व्हायची. जुळाऱ्यासमोर शेकडो घरांची पेटी, आणि प्रत्येक जोडाक्षरासाठी कुणीतरी आधी पोलादावर उलटं अक्षर कोरलेलं. निर्णयसागरमध्ये हे कोरण्याचं काम राणोजी रावजी आरू करत. संस्कृत ग्रंथांचे इतिहास लिहिणारे संपादकांची नावं देतात, फार तर मालकाचं. आरूंचं नाव टाइपच्या इतिहासातच सापडतं. मला हे खटकतं.

आता पंडितांची बाजू. १८८६ मध्ये निर्णयसागरने 'काव्यमाला' सुरू केली. संपादक जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशीनाथ पांडुरंग परब. काव्यमाला मासिक होती. मोठा ग्रंथ हप्त्याहप्त्याने छापायचा. ही युक्ती मला फार धंदेवाईक वाटते, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. अलंकारशास्त्राच्या जाडजूड पोथीला एकरकमी गिऱ्हाईक कुठून मिळणार? हप्त्याने मिळू शकतं. जावजींची नजर फक्त पंडितांवर नव्हतीच. पंचांग, मुलांसाठी विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध', हेही याच छापखान्यातून निघत होतं.

१८९१ मध्ये काव्यमालेत आनंदवर्धनाचा 'ध्वन्यालोक' आला. हा नवव्या शतकातला काश्मिरी पंडित. कवितेत शब्द जे सांगतात त्यापेक्षा जे सुचवतात ते महत्त्वाचं, असं मांडणारा. त्याचा ग्रंथ तोवर हस्तलिखितांतच होता. ज्यांच्याकडे पोथी किंवा पोथीपर्यंत पोचवणारी ओळख, त्यांनाच तो वाचता येई. जवळजवळ हजार वर्षांनी तो काळबादेवीत छापला गेला आणि दुकानात जाऊन विकत घेता येऊ लागला. पुढे हर्मान याकोबी यांनी त्याचं जर्मन भाषांतर केलं, ते याच आवृत्तीच्या आधारे. १८९४ मध्ये भरताचं 'नाट्यशास्त्र'ही काव्यमालेतूनच आलं.

नंतरच्या अभ्यासकांनी या आवृत्त्यांना नावं ठेवली. हाताशी पोथ्या थोड्या, पाठ काही ठिकाणी शंकास्पद, वगैरे. तक्रार खरी आहे. पण चूक काढायलाही आधी छापलेलं पान समोर लागतं, आणि ते पान यांनीच दिलं. शिवाय मला राहून राहून वेगळंच आठवतं. ज्या विद्येची दारं जावजींच्या जातीला शतकानुशतकं बंद होती, तिचे ग्रंथ त्यांच्या कारखान्यात, त्यांनी पाडलेल्या अक्षरांत छापले जात होते. आणि घरोघरचे शास्त्री ते मांडीवर घेऊन पाठ करत होते.

जावजी १८९२ मध्ये गेले. 'नाट्यशास्त्र' त्यांनी छापलेलं पाहिलं नाही. नंतर कारभार मुलाकडे, तुकाराम जावजींकडे आला. त्या काळातल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर मालक म्हणून तुकारामांचं नाव आहे, पण छापखाना लिहिलाय तो 'जावजी दादाजींचा'.