तळटीप १४ : सिमला बीट

१४. ‘सिमला बीट’चा शिमल्याशी काही संबंध नाही, मन्नाएखेळ्ळीच्या हॉटेलवाल्याने कितीही ठासून सांगितले तरी. ‘सिमला’ ही इंपीरियल टोबॅकोची (आजची आयटीसी) सिगारेट. तिच्या जाहिरातीसाठी कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस हौशी बीट ग्रुपांच्या, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार व ड्रम घेऊन इंग्रजी गाणी म्हणणाऱ्या कॉलेजकुमारांच्या, स्पर्धा सुरू केल्या. निवडक ग्रुपांच्या ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’ अशा दोन एल.पी. निघाल्या. पहिलीत मद्रासचे ‘कन्फ्यूजन्स’ आहेत, बंगलोरचे ‘डायनोसॉर्स’ही. काही गाणी स्वतःची, काही उसनी : ‘डायनोसॉर्स’नी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडचे १९६९ मधले गाणे उचलले आहे.

लेखक ‘दुसरी तबकडी’ म्हणतो, तेव्हा हा प्रसंग १९७१ च्या आधीचा नव्हे. मन्नाएखेळ्ळी (जि. बीदर, तेव्हा म्हैसूर राज्य) हैदराबाद–सोलापूर हमरस्त्यावर आहे, त्यामुळे ट्रकवाल्याने मुंबईचा माल इथे उतरवला यात नवल नाही. गायकांचा आवाज ‘पोरीबाळींसारखा’ झाला तो मात्र चावीच्या फोनोमुळे. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, फोनो ७८ चा. दुपटीहून जास्त वेगाने आवाज चिरका होणारच. शिवाय त्या जड पोलादी सुईने एल.पी.चे बारीक चर खरवडले जातात, त्यामुळे मालकाची पुढच्या पानावरची तक्रार रास्त आहे.