कॅमेऱ्याचे ओझे हलके करताना

जर्मनीतील वेट्झलर गावच्या लाइत्झ कारखान्यात काम करणारे ऑस्कर बार्नॅक यांना दम्याचा विकार होता. काचेच्या प्लेटा व अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढणे त्यांना जड जाई. यातूनच १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी चित्रपटाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा तयार केला. पुढे १९२५ मध्ये हाच कॅमेरा 'लायका' या नावाने बाजारात आला. आज 'फुल फ्रेम' म्हणून मोठी मानली जाणारी २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट त्या काळी लहान समजली जात होती.

सह्याद्रीतील गड चढणाऱ्या हौशी छायाचित्रकारापुढेही हाच प्रश्न उभा असतो. वय वाढते, खांदे दुखू लागतात आणि एके दिवशी कॅमेरा घरीच राहतो. हलके साहित्य निवडण्याची गरज इथूनच सुरू होते.

वजन नेमके कशाचे?

डीएसएलआर कॅमेऱ्यात आरसा आणि दृश्य डोळ्यापर्यंत पोहोचविणारा लोलक अथवा आरशांची रचना असते. मिररलेस कॅमेऱ्यातून ती काढून टाकण्यात आल्याने कॅमेऱ्याचा आकार घटला. निकॉन डी८५० चे वजन बॅटरी व कार्डासह सुमारे एक किलो, तर तितक्याच आकाराचा सेन्सर असलेल्या सोनी ए७सी चे सुमारे ५१० ग्रॅम भरते. मात्र केवळ कॅमेरा बदलून पिशवी हलकी होईल, ही अपेक्षा अनेकदा फोल ठरते. कॅननच्या मिररलेस मालिकेतील ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ ही एकच लेन्स एक किलोहून जड आहे. खरे ओझे बहुधा लेन्सचे असते.

छिद्राचे गणित

फोकल लेंथला एफ क्रमांकाने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. २०० मिलिमीटर व एफ २.८ साठी तो सुमारे ७१ मिलिमीटर येतो, तर एफ ४ साठी ५०. छिद्र लहान झाले की काचाही लहान होतात. त्यामुळेच कॅननच्या त्याच मालिकेतील एफ ४ लेन्सचे वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे. अर्थात याची किंमत मोजावी लागते. प्रकाश निम्मा मिळतो, म्हणून देवळाच्या गाभाऱ्यात किंवा तिन्हीसांजेला आयएसओ दुप्पट करावा लागतो.

दुसरा मार्ग लहान सेन्सरचा. २००८ मध्ये आलेल्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीतील सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, म्हणजे फुल फ्रेमच्या जवळपास एक चतुर्थांश क्षेत्रफळाचा असतो. त्यावर ३५-१०० मिलिमीटरची लेन्स ७०-२०० इतकाच दृश्यकोन देते. पॅनासॉनिकची अशी एफ २.८ लेन्स अवघी ३६० ग्रॅमच्या आसपास भरते. मात्र पार्श्वभूमी फुल फ्रेमवरील एफ ५.६ इतकीच धूसर होते आणि मंद प्रकाशात चित्रात दाणेदारपणा लवकर दिसतो. एपीएस-सी सेन्सर हा या दोहोंमधला पर्याय होय.

निवड कशी करावी?

खरेदीपूर्वी आपलीच गेल्या वर्षभरातील छायाचित्रे तपासावीत. प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये फोकल लेंथची नोंद असते. बहुतेक चित्रे २४ ते ७० मिलिमीटरमधली असतील, तर लांब झूम घरी ठेवण्यास हरकत नाही. निसर्गदृश्ये टिपणाऱ्यास एफ ४ पुरते. लग्नसमारंभ टिपणाऱ्यास मोठे छिद्र सोडणे परवडत नाही. पक्षिनिरीक्षकाला मात्र लहान सेन्सर लाभदायक ठरतो, कारण ३०० मिलिमीटरची लेन्स त्यावर ६०० चा दृश्यकोन देते.

संपूर्ण साहित्य, जादा बॅटरी व चार्जरसह, वजनकाट्यावर ठेवून पाहावे. मिररलेस कॅमेऱ्याचा पडदा सतत चालू राहत असल्याने जादा बॅटरी लागतेच. पावसाळी भटकंतीसाठी कॅमेरा आणि लेन्स दोन्हींना पाण्यापासून संरक्षण आहे का, याची खात्री करावी. लहान कॅमेऱ्याला जड लेन्स लावल्यास तोल पुढे झुकतो. म्हणून दुकानात जोडी हातात धरूनच निर्णय घ्यावा.

सर्वांत हलका संच सर्वोत्तम असेलच असे नाही. गडाच्या शेवटच्या चढावरही जो पिशवीतून काढावासा वाटेल, तोच आपल्यासाठी योग्य.