गावाला न गेलेली सुटी

आपल्याकडे सुटी लागली की पहिला प्रश्न येतो तो 'गावाला केव्हा निघणार?' हा. सुटी आणि गाव ही जोडी इतकी जुनी की, सुटी घरीच काढली असे सांगणाऱ्याकडे लोक किंचित कीव आल्यासारखे पाहतात. घरात आजारपण असेल, पैशाची ओढाताण असेल, नाहीतर भावाभावांत काही बिनसले असेल, अशी शंका त्यांच्या मनात येऊन जाते. भिलाईसारख्या वस्तीत तर ही शंका अधिकच बळावते. कारण भिलाईत राहणाऱ्या माणसाचे गाव भिलाई नव्हे, दुसरेच कोठेतरी असणार, हे तेथे सर्वांनी गृहीत धरलेले असते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत या गृहीताला धक्का बसला. त्या दोन सुट्यांची हकीकत सांगावयाची आहे. पण तिच्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

छत्तीसगडशी मराठी माणसाचा संबंध पोलादापेक्षा पुष्कळ जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी १७५८ साली रतनपुरास कारभार पाहू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरहून राजनांदगावपर्यंत रूळ आले आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग पूर्वेकडे नेला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूरच होती. पुढच्या वर्षीच, १ नोव्हेंबर १९५६ला, राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्ये सरहद्द उभी राहिली. माझे सासरे १९५८ साली भंडाऱ्याहून भिलाईस आले ते ही नवी सरहद्द ओलांडून; पण रेल्वेच्या तिकिटावर सरहद्द दिसत नाही, असे ते म्हणत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेलुगू, बंगाली, मलयाळी, पंजाबी, ओडिया अशी नाना भाषांची माणसे सेक्टरांतील एकसारख्या घरांत राहू लागली. ज्यांच्या शेतांवर कारखाना आणि वसाहत उभी राहिली, त्या छत्तीसगडी शेतकऱ्यांचे मात्र हे खरोखरीचे गाव होते. आम्हा बाहेरून आलेल्यांना हे आठवण्याचे प्रसंग क्वचितच आले.

अशा वस्तीत सुटी म्हणजे पांगापांग. परीक्षा संपल्या की दुर्गच्या स्थानकावर ट्रंका, सुरया आणि मुले यांची दाटी होई. कोणी विजयवाड्याकडे, कोणी हावड्याकडे, तर आम्ही नागपूरकडे. माझे माहेर नागपूरचे, म्हणजे जेमतेम अडीचशे किलोमीटरांवर. लग्नानंतरच्या वीस वर्षांत एकही उन्हाळा असा गेला नव्हता, की ज्यात आईच्या गच्चीवर माझ्या हातचे पापड वाळले नाहीत.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही नेमकी त्याच दिवशी. प्रवासी गाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. आईचा दूरध्वनी आला, "यंदा येऊ नकोस बाई." आपल्या लेकीला माहेरी येऊ नकोस म्हणण्याची पाळी तिच्यावर प्रथमच आली होती. वाक्य पुरे करून ती बराच वेळ काही बोलली नाही.

इतिहासाच्या शिक्षिकेला अशा वेळी जुने दाखले आठवतात. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला, पुढच्या वर्षी तो पुण्यात भडकला, आणि नंतर कित्येक वर्षे महाराष्ट्रातील गावोगाव फिरत राहिला. त्या काळी शहाणपण कशात होते? घर सोडण्यात. उंदीर पडू लागले की लोक दारे ओढून घेत आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिले की उंदरावरची पिसू प्लेग पसरवते. रोग घराच्या भिंतींत दडलेला होता. म्हणून माळ सुरक्षित होता. माझी आजेसासू लहानपणी अशा झोपडीत राहिली होती. त्या दिवसांबद्दल ती बोलू लागली की तिच्या आवाजात भीतीपेक्षा कौतुकच अधिक असे. शाळा नाही, ओसरीवरचे धाक नाहीत, चांदण्यात झोपणे. मुलांच्या लेखी ती एक लांबलेली सुटीच होती.

१९१८चा इन्फ्लुएंझा निराळ्या जातीचा. तो माणसाच्या श्वासातून माणसाकडे जाई आणि बंदरावरून आगगाडीच्या डब्यांत बसून देशाच्या पोटात शिरे. नागपूर आणि छत्तीसगड ज्यात होते तो मध्य प्रांत व वऱ्हाडचा मुलूख त्याने फार वाईट रीतीने धुऊन काढला. आमच्या वाट्याला आलेला कोरोना या दुसऱ्या जातीचा होता. म्हणून प्लेगमध्ये जे शहाणपण ठरले असते, ते आता अविचाराचे ठरले; घर सोडणाऱ्या आजेसासूची नातसून आता घर न सोडण्यात सुरक्षित होती.

पण भिलाईत एक अडचण होती. झोतभट्टीला सुटी देता येत नाही. ती थंड झाली तर आतला रस थिजतो. कोक भट्ट्या निवाल्या तर त्यांच्या विटा तडकतात. देशातील दारे बंद झाली तरी कारखान्याच्या पाळ्या थांबल्या नाहीत. त्यामुळे आमच्या घरची सुटी ही चारांपैकी तिघांचीच. माझे पती पाळीवरून परतले की अंगणातील नळावर हातपाय धूत, कपडे बादलीत भिजवत, आणि सासूबाईंच्या खोलीच्या उंबरठ्याबाहेरूनच "जेवलीस का?" असे विचारीत. वयाची ऐंशी गाठलेल्या सासूबाई आतून उत्तर देत. एका छपराखाली राहून आई व मुलगा अनेक आठवडे एकमेकांच्या जवळ बसले नाहीत.

बाकीचे दिवस कसे गेले म्हणाल, तर प्रथम जड गेले. मैत्री बाग बंद, बाजार ठरावीक वेळेपुरता. दूरदर्शनने २८ मार्चपासून रामायण पुन्हा दाखवण्यास आरंभ केला, तेव्हा १९८७ साली शेजाऱ्यांच्या घरी दाटीने बसून ते पाहिलेली पिढी आता आपापल्या घरात मुलांना घेऊन बसली. मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. आमचा पाडवा तोच तेलुगू शेजाऱ्यांचा उगादी. तीन आठवड्यांनी मलयाळी कुटुंबाचा विशू आणि बंगाल्यांचे नवे वर्ष आले. एरवी यांतले निम्मे लोक सणासुदीला आपापल्या गावी असत. वर्षानुवर्षे शेजारी राहूनही एकमेकांचा मोठा सण आम्ही धड पाहिलेला नव्हता. त्या वर्षी सारे घरीच होते. कुंपणाच्या भिंतीवर झाकलेले ताट ठेवायचे, आपण चार पावले मागे सरायचे आणि मग पलीकडच्याने ते उचलायचे, अशी रीत पडली. उगादीची आंबट-गोड-कडू पचडी माझ्या मुलीने त्या भिंतीवरून प्रथम चाखली आणि आपल्या पाडव्याच्या कडुलिंबाशी तिचे नाते लगेच ओळखले.

हे सांगताना एक गोष्ट विसरता येत नाही. घरी बसण्याची सुटी ज्यांना घर आणि पगार होता त्यांनाच मिळाली. त्याच एप्रिल-मे महिन्यांत नागपूरकडून येणाऱ्या महामार्गावर छत्तीसगडचे मजूर डोक्यावर बोचकी घेऊन चालत होते. बाघनदीच्या सरहद्दीवर त्यांची नोंद होई आणि आपल्या गावी पोचल्यावरही त्यांना घराऐवजी शाळेच्या इमारतीत वेगळे राहावे लागे. आम्हाला गावी जाता येत नव्हते याचे दुःख होते. त्यांना गावी पोचूनही घर दिसत नव्हते.

त्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने आपल्या नोकरांना प्रवास-सवलतीच्या बदल्यात वस्तू खरेदी करण्याची मुभा दिली. ज्या पैशाने गावाला जावयाचे त्या पैशाने कपडे धुण्याचे यंत्र घेता येऊ लागले. ओळखीच्या एका घरात अजून त्या यंत्राला 'आमचे काश्मीर' म्हणतात.

दुसरा पाडवा १३ एप्रिल २०२१चा. तोवर हसणे मावळले होते. ६ एप्रिलपासून दुर्ग जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी होती आणि घरटी आजारी माणूस होते. नागपूरची स्थिती तशीच. त्या आठवड्यात आईला तेथील एका रुग्णालयात प्राणवायूवर ठेवले, आणि मला जाता येत नव्हते.

पोलाद करावयाचे तर वितळलेल्या लोखंडात प्राणवायू फुंकावा लागतो. त्यासाठी हवा अतिशय थंड करून, उणे १८३ अंशांच्या आसपास, तिच्यातील प्राणवायू द्रवरूपात वेगळा काढतात. त्या दिवसांत भिलाईचा हा प्राणवायू टँकरांतून नागपूर-विदर्भातील रुग्णालयांकडे जात होता. त्याच्या वाट्यात कपात झाली, तेव्हा तो प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. ज्या वाटेने मी वीस वर्षे माहेरी गेले, त्या वाटेने आता आमच्या येथील हवा जात होती. आईच्या नळीतून जे येत होते ते भिलाईचेच होते, असे म्हणण्यास माझ्यापाशी पुरावा नाही, आणि इतिहास शिकवणाऱ्या बाईने पुराव्यावाचून बोलू नये. पण माझे पती रात्रपाळीला निघाले की मी त्यांना दारापर्यंत पोचवायला जाऊ लागले, हे खरे.

आई वाचली. तिच्या शेजारच्या खाटेवरील बाई वाचल्या नाहीत. आई त्यांची आठवण आजही काढते.

पुढे गाड्या सुरू झाल्या आणि दुर्गचे स्थानक पूर्वीसारखे गजबजले. आमच्या घरी मात्र क्रम उलटला. पुढच्या उन्हाळ्यात आईच भिलाईस आली. पापड आमच्या अंगणात वाळले, आणि त्यांतले निम्मे तिने मोजून कुंपणाच्या भिंतीवर ठेवले.